बसणाऱ्याचं माप

सुताराला टेबल सांगायला गेलं की तो लांबी विचारतो, रुंदी विचारतो, सनमायका कुठला लावायचा ते विचारतो. उंची विचारत नाही. ती त्याच्या डोक्यात ठरलेली असते: अडीच फूट. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास काम करणारा मिस्त्री असो, नाहीतर मुंबईत ओशिवऱ्याचा कारागीर असो, तीस इंच या आकड्यावर सगळ्यांचं एकमत आहे. जेवणाचं टेबल तीस इंच, मुलांच्या अभ्यासाचं तीस इंच, कॉम्प्युटरचंही तेवढंच. दुकानात तयार मिळणारी टेबलंसुद्धा ७३ ते ७६ सेंटिमीटरच्या आतबाहेर असतात.

आता या टेबलाशी पाच फूट उंचीची बाई आणून बसवू. भारतीय स्त्रीची सरासरी उंची तेवढीच आहे. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत तिचं माप पंधरा इंचांच्या थोडं वर भरतं, पायात सपाता असतील तर सोळा. खुर्चीची बैठक एवढ्याच उंचीवर असली तर तिचे तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतात. बैठकीपासून वर आठ-साडेआठ इंचांवर तिचं कोपर येतं. म्हणजे कीबोर्डवर बोटं चालवायची तर टेबलाची पाटी चोवीस-साडेचोवीस इंचांवर हवी. तिला मिळालेलं टेबल त्याहून जवळजवळ सहा इंच उंच आहे.

या सहा इंचांचं पुढं काय होतं ते दुखणं घेऊन येणाऱ्यांकडून फिजिओथेरपिस्टना रोज ऐकायला मिळतं. टेबल उंच म्हणून खांदे वर चढतात आणि दिवसभर तसेच राहतात. मानेच्या मुळाशी गाठ आल्यासारखं वाटतं. मग ती खुर्ची वर घेते. खांदे उतरतात, पण पाय अधांतरी होतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते, पोटऱ्यांना मुंग्या येतात. पाय टेकवायला ती पुढं सरकते आणि पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटते. महागड्या खुर्चीचा कमरेला आधार देणारा फुगवटा मागं रिकामाच राहतो. पंधरा हजारांची खुर्ची आणूनही कंबर दुखायची थांबत नाही, अशी तक्रार मी अनेक घरांतून ऐकली. त्यातल्या बहुतेक घरांत दोष टेबलाच्या उंचीत होता.

ही मापं आपली नाहीत. चंदीगड वसवणाऱ्या ल कार्बुझिए यांनी वास्तुरचनेसाठी ‘मॉड्युलोर’ नावाची मापपद्धती बसवली, तिच्या मुळाशी सहा फूट उंचीचा पुरुष होता. आपल्या लोकांची मापं घेऊन ती छापायचं काम उशिरा झालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांवरचं पुस्तक १९९७ मध्ये काढलं. डिझाइन शिकणाऱ्यांच्या टेबलावर ते असतं. सुताराच्या टेपपर्यंत ते पोचलेलं नाही.

स्वयंपाकघराचा अनुभव मात्र वेगळा आहे. ओटा नव्यानं करायचा असला की घरातली बाई मिस्त्रीसमोर उभी राहते आणि हाताची कोपरं दुमडून दाखवते. एवढा उंच ठेवा, पोळ्या लाटताना वाकावं लागतं. मिस्त्री पेन्सिलनं भिंतीवर खूण करतो. कामाची जागा काम करणाऱ्याच्या अंगावरून मापायची ही रीत आपल्या घरात आधीपासून आहे. ती ओट्यापुरतीच राहिली, आणि ज्या टेबलाशी आता दिवसाचे आठ-नऊ तास जातात, तिथं कुणी खूण केली नाही. घरात ऑफिस करायचं तर पहिलं काम हेच करावं, असं माझं ठाम म्हणणं आहे. खुर्चीच्या पाठीला पाठ टेकवून बसायचं, तळपाय जमिनीवर टेकवायचे, दंड अंगालगत ठेवून कोपरं काटकोनात दुमडायची आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायला सांगायची. जो आकडा येईल ती आपल्या टेबलाची उंची. हातानं लिहिण्याचं काम जास्त असेल तर त्यात इंच-दीड इंच वाढवावा.

टेबल आधीच करून झालं असेल तर त्याचे पाय कापून घेता येतात. लाकडी टेबलाला ते अर्ध्या तासाचं काम आहे. टेबल जेवणाचं असेल आणि कापता येणार नसेल तर खुर्ची वर घ्यावी आणि पायाखाली पाट घ्यावा. पूजेच्या किंवा पंगतीच्या पाटासारखा दुसरा पायटेका बाजारात शोधूनही मिळणार नाही. रुंद, भक्कम, पाय हलवायला जागा देणारा. एकानं भागत नसेल तर एकावर एक दोन.

लॅपटॉपची अडचण वेगळी आहे. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखात ठेवले तर मान खाली जाते, मान सरळ ठेवली तर हात वर जातात. म्हणून लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच लागतो. उंचावण्यासाठी गेल्या काही वर्षांचे दिवाळी अंक चांगले. त्यांचा आकार जवळपास सारखा असतो आणि एकेक अंक काढत-घालत उंची नेमकी जमवता येते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हातभर अंतरावर असावा. दोन भिंगांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांनी मात्र पडदा दोन-तीन इंच खालीच ठेवावा. नाहीतर खालच्या भिंगातून बघण्यासाठी हनुवटी सारखी वर करावी लागते, आणि पन्नाशी उलटलेल्यांच्या मानदुखीचं ते एक मोठं कारण असतं.

खाली बसूनही काम होतंच की, असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आणि ते खरं आहे. पेढीवरचा मुनीम गादीवर मांडी घालून बसायचा, पाठीला लोड, समोर उतरत्या झाकणाचं बुटकं डेस्क. उतारामुळे वही डोळ्यांकडे यायची आणि मान वाकायची नाही. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्यांनी तर याहून पुढचा विचार केला. पारंपरिक माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या चालवतो. बैठक जमिनीवर, तरी गुडघे मोकळे. शिवाय हा माग घरातच असतो, बहुधा दर्शनी खोलीत, जिथं उजेड सगळ्यात चांगला. पाहुण्यांनी कुठं बसायचं ते मागाच्या नंतर ठरतं. येवल्याच्या घरातली ही क्रमवारी मला फार मोलाची वाटते.

घर आणि कामाची जागा एकच असणं आपल्याकडे नवं नाहीच. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये नारायण पेठेतला गायकवाड वाडा घेतला, आणि त्यांचं राहणं आणि ‘केसरी’चं काम एकाच वाड्यात चालू लागलं. वकिलाची ओटी, वैद्याची पडवी, भिक्षुकाचं माजघर ही कामाचीच ठिकाणं होती. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिज्जत’च्या सभासद आजही केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेतात आणि लाटलेले पापड आणून देतात. सभासद करून घेताना घरी पापड लाटायला आणि वाळवायला स्वच्छ, पुरेशी जागा आहे ना, हे पाहिलं जातं. कर्मचाऱ्याला घरून काम करायला सांगण्याआधी त्याच्या घरात जागा आहे का, असं किती कंपन्यांनी विचारलं?

जागेच्या बाबतीत एकाच माणसाच्या आयुष्यातल्या दोन खोल्या मला नेहमी आठवतात. भीमराव आंबेडकर शाळेत असताना कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होतं. सगळी माणसं, स्वयंपाक, सामान त्याच खोलीत. वडील रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून त्याच्या जागी आडवे होत. पहाटेपर्यंत चिमणी नसलेल्या घासलेटच्या दिव्याच्या उजेडात मुलगा वाचत बसे. तिथं जागा वाढवता येत नव्हती, म्हणून वेळ वाटून घेतली. पुढं १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते मुळात पुस्तकांसाठी. तळमजल्यावर कुटुंब आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय व कार्यालय. घर आणि काम एकाच छपराखाली, मध्ये जिना. मुंबईत आजवर बांधल्या गेलेल्या घरगुती कार्यालयांत याहून विचारपूर्वक केलेलं मला माहीत नाही.

ज्यांच्याकडे वरचा मजला नाही त्यांची सोय मुंबईनं रस्त्यावरही केली. वरळीत ‘अभ्यास गल्ली’ आहे. आसपासच्या चाळीतली मुलं तिथल्या दिव्यांखाली बसून अभ्यास करत मोठी झाली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं दोन-तीन फुटांच्या कप्प्यात दहा-दहा तास बसतात. जागा एवढीशी, पण तिथं बसलेल्या मुलाला उठून दार उघडायला कुणी सांगत नाही.

मार्च २०२० मध्ये जेव्हा लाखो माणसं एका आठवड्यात घरी बसली, तेव्हा हे सगळं कुणाला आठवायला वेळच नव्हता. कॉल सेंटरच्या माणसांनी घरून काम करण्यावर दूरसंचार विभागाच्या कडक अटी होत्या. त्या त्याच महिन्यात सैल झाल्या आणि नोव्हेंबरात बहुतेक काढून टाकल्या गेल्या. टीसीएसनं २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्केच कर्मचारी कार्यालयात असतील, असं त्या वर्षी जाहीर केलं होतं. २०२३ मध्ये त्याच कंपनीनं लोकांना आठवड्याचे पाच दिवस परत बोलावलं. आज हिंजवडीचे रस्ते पुन्हा तुंबले आहेत. तरी आठवड्यातले एक-दोन दिवस घरून काम करणारी घरं वाकड, बाणेर, कोथरूडमध्ये प्रत्येक सोसायटीत आहेत. शिवाय सीए, अनुवादक, शिकवण्या घेणारे, शेअरचं काम करणारे, केक करून विकणारे. त्यांचं ऑफिस कधी दुसरीकडे नव्हतंच.

जागा कुठली निवडायची, हे चौरस फुटांवरून ठरवतात आणि तिथंच घोटाळा होतो. ती कामाच्या वेळेवरून ठरवायला हवी. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. ज्यांचं काम अमेरिकेशी आहे त्यांच्या महत्त्वाच्या बैठका नेमक्या याच वेळी असतात. त्याच वेळी कुकर लागतो, मालिका सुरू होतात, मुलांचा गृहपाठ काढला जातो. सकाळी रिकामा आणि प्रशस्त वाटणारा हॉल या कामाला अगदी निरुपयोगी. दुसरा मुद्दा पश्चिमेच्या भिंतीचा. ती दुपारभर तापते आणि संध्याकाळी खोलीत उष्णता सोडत राहते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय बसता येत नाही आणि कूलर चालू असला की समोरच्याला आपलं बोलणं ऐकू जात नाही. तिथं संध्याकाळी काम करणाऱ्यानं पूर्वेची किंवा उत्तरेची खोली धरावी, मग ती लहान का असेना.

उजेडाबद्दल थोडक्यात. पडदा खिडकीकडे तोंड करूनही नको आणि पाठ करूनही नको. खिडकी बाजूला हवी, उजव्या हातानं लिहिणाऱ्याला डाव्या बाजूला. कार्यालयीन कामाला ३०० ते ५०० लक्स उजेड लागतो. छताच्या मधोमध लावलेली एक ट्यूब खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एवढा उजेड टाकू शकत नाही, म्हणून टेबलाचा वेगळा दिवा हवाच. डोळ्यांचे डॉक्टर दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरचं काहीतरी वीस सेकंद पाहायला सांगतात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनातली घरं आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांची झाली. एवढ्या घरात वीस फुटांवरचं पाहायचं तर खिडकीतूनच. बीडीडी चाळीची खोली तर १६० फुटांची होती. लहान घरात म्हणूनच खिडकीजवळची जागा कपाटाला देऊ नये. कपाटाला उजेड लागत नाही. बाल्कनी आत घेऊन तिथं टेबल टाकण्याची टूम सध्या जोरात आहे. टेबलाला उजेड मिळतो, पण मागची खोली दिवसाही अंधारते आणि पावसाळ्यात झडीचं पाणी स्लायडिंगच्या रुळांतून आत येतं. त्यापेक्षा खिडकीखाली भिंतीला बिजागरीचं घडीचं टेबल बसवावं. दोन फूट बाय दीड फूट पुरतं, संध्याकाळी मिटलं की गादी टाकायला जागा मोकळी.

आवाज अडवण्याचा स्वस्त उपाय मला एका चाळीतून नव्या इमारतीत गेलेल्या कुटुंबात पाहायला मिळाला. शेजारच्या खोलीशी सामाईक असलेल्या भिंतीला त्यांनी कपड्यांनी भरलेलं लाकडी कपाट लावलं होतं. कपडे, गाद्या, पुस्तकं, जाड पडदे आवाज शोषून घेतात. दाराखालची फट बुजवली की निम्मं काम होतं. सरकारच्या २०००च्या ध्वनिनियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती बाहेरच्या गोंगाटासाठी. आतल्या मिक्सरला कोणताच नियम लागत नाही, तिथं घरच्यांशी बोलून वेळा ठरवाव्या लागतात.

लाकूडकामात पैसे वाचवायचे असतील तर कुठेही वाचवा, प्लायमध्ये नको. कोकणात, मुंबईत, ठाण्यात पावसाळ्यात पार्टिकल बोर्डाच्या कडा फुगतात आणि स्क्रू सुटतात. साधी कमर्शियल प्लाय आयएस ३०३ ची असते, ओलीला टिकणारी मरीन प्लाय आयएस ७१० ची. शिक्का बघून घ्यावा. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर टेबल दोन इंच सोडून बसवावं. नव्या टॉवरमध्ये माइव्हन पद्धतीच्या काँक्रीटच्या भिंती असतात, त्या फोडून वायर घालता येत नाही. त्यामुळे प्लगचे पॉइंट कुठे आहेत ते पाहून टेबलाची जागा ठरवावी, नाहीतर एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडत वायरी पायात येतात. तिथली वायफायची तक्रारही याच भिंतींची. वेगवान पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल काँक्रीट ओलांडताना फार दुबळा होतो आणि मध्ये लोखंडी कपाट असेल तर उरलासुरलाही संपतो. राउटरपासून टेबलापर्यंत एक लॅनची वायर ओढून घेतली की हा प्रश्न कायमचा मिटतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे सगळ्यांना पाठ आहे. लॅपटॉप, राउटर, एक पंखा आणि एक दिवा मिळून दीडशे वॅटच्या आसपास वीज खातात, म्हणजे १५० अॅम्पिअर-अवरची चांगली बॅटरी बहुतेक दिवस काढते. फक्त राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो तर प्रत्येकानं घ्यावाच.

खरी अडचण टेबलाचीही नाही आणि वायरीचीही नाही. मी पाहिलेल्या अनेक घरांत नवरा-बायको दोघंही घरून काम करतात. दार असलेली खोली नवऱ्याकडे असते. बायको जेवणाच्या टेबलाशी किंवा पलंगावर मांडीवर उशी घेऊन बसते. कुणी ठरवून केलेलं नसतं. त्याचे कॉल जास्त, ही एक सबब. तिला गॅसवर लक्ष ठेवता येतं, ही दुसरी. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्यांमध्ये बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८. २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. मधल्या पाच वर्षांत एवढं घरून काम झालं, तरी दोघांमधलं अंतर सुमारे दोनशे मिनिटांचंच राहिलं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७च्या दुरुस्तीनं बाळंतपणाच्या रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूद आली. तिचा फायदा घेणारी आई पाळण्याशेजारी नेमकी कुठे बसते, हे कायद्याला दिसत नाही. ते घरानंच पाहायचं.

दोघांनी एकच खोली वापरायची असेल तर रामजींचा मार्ग आजही चालतो. वेळा वाटून घ्याव्यात आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात, जिथं सासूबाईंना आणि मुलांनाही दिसतील. ज्याची पाळी असेल त्याच्यासाठी दारावरची बेल आणि कुरिअर दुसऱ्यानं पाहायचं. टेबल एकच असेल तर त्याची उंची दोघांपैकी बुटक्या माणसाच्या मापाची ठेवावी. उंच माणसाला लॅपटॉपखाली आणखी दोन दिवाळी अंक ठेवून निभावता येतं, बुटक्या माणसाला टेबल खाली ओढता येत नाही.

पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत सध्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. बीडीडीच्या १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांची घरं मिळू लागली आहेत. सभांमध्ये कॉर्पस, पार्किंग, वाढीव कार्पेट यांवर तासन्‌तास चर्चा होते. बिल्डर ‘टू पॉइंट फाइव्ह बीएचके’चा आराखडा पुढे करतो आणि त्यातल्या अर्ध्या खोलीला अभ्यासाची खोली म्हणतो. ती बऱ्याचदा इमारतीच्या आतल्या बाजूला, डक्टकडे तोंड करून असते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीचं किमान क्षेत्र साडेनऊ चौरस मीटर आहे, दोन खोल्या असतील तर दुसरी साडेसात चालते. ही अर्धी खोली त्याहून लहान असल्यामुळे कागदावर तिला अनेकदा स्टोअर म्हणतात. ती तुमची कामाची खोली होणार असेल तर बाहेरच्या भिंतीला खिडकी, पुरेल एवढं दार आणि टेबलाच्या उंचीच्या वर चार प्लग पॉइंट लेखी मागून घ्यावेत. हे नकाशा पालिकेत मंजुरीला जाण्याआधीच करावं लागतं. मंजुरीनंतर खिडकी हलवायची म्हणजे सुधारित नकाशा आला, आणि एका सभासदासाठी तो कुठलाच बिल्डर काढत नाही.